घोड्याला हिरवे कुरण पुरे होते काय?



व्याख्यानमालेच्या फलकावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल की, उन्हाळ्याच्या संध्याकाळची मोकळी हवा सोडून घोड्याच्या चाऱ्यावर व्याख्यान ऐकण्याइतके आपण रिकामे आहोत काय? शंका रास्त आहे. आपल्या गावांतून टांगा गेला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. आता घोडा आपल्याला भेटतो तो लग्नाच्या वरातीत, माथेरानच्या तांबड्या धुळीत, नाहीतर शर्यतीच्या मैदानावर. परंतु आपल्या भाषेतून तो काही हललेला नाही. काम अडले की घोडे कुठे पेंड खाते ते आपण शोधू लागतो. उशिरा सुचलेले शहाणपण वरातीमागून घोड्यासारखे येते. परीक्षा जवळ आली की घोडामैदान दूर नाही असे मुलांना बजावतो, आणि कुणी विनाकारण रागावला तर 'मी तुझे काय घोडे मारले' असे विचारतो. ज्या प्राण्याने आपल्या बोलण्यात एवढी जागा पटकावली आहे, त्याला राहायला आपण कशी जागा देतो याचा विचार करण्यात एक तास गेला, तर तो वाया गेला असे होणार नाही.

प्रश्न दिसायला साधा आहे. समजा, एका हौशी आणि दयाळू माणसाने घोडा पाळला. त्याला तबेल्यात कोंडून न ठेवता चांगले चार-पाच एकरांचे कुरण दिले, सपाट, हिरवेगार, भोवती पांढरे कुंपण. पाणी आहे, गवत आहे, ऊन-वारा आहे. आता त्या घोड्याला आणखी काही हवे काय? झाडे, झुडपे, चढउतार, नाना प्रकारची गवते, अंग घासायला खोड, लोळायला माती, अशा विविधतेची त्याला गरज आहे काय? की हे सारे आपल्या कल्पनेचे लाड? पाश्चात्त्य देशांत याला 'एन्रिचमेंट' असा शब्द रूढ आहे. आपण त्याला जीवनाची समृद्धी म्हणू. प्राणिसंग्रहालयातील वाघासाठी आणि माकडासाठी ती हवी, हे आता जवळजवळ सर्वमान्य आहे. पण कुरणात चरणाऱ्या घोड्यालाही ती हवी काय, हा वादाचा मुद्दा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही तथ्य आहे.

आपल्या जुन्या शास्त्रपद्धतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडतो. पूर्वपक्ष असा : घोडा हा गवत खाणारा प्राणी. गवताच्या मैदानात त्याचा जन्म, तिथेच त्याची वाढ. ज्याला सोळा तास चरायला गवत आहे, त्याला कंटाळा येईलच कसा? कंटाळा हा माणसाचा रोग आहे. आपल्याला रोज तीच भाजी चालत नाही, म्हणून घोड्यालाही चालत नसेल असे समजणे म्हणजे आपले मन त्याच्या अंगात घालणे होय. शिवाय घोडा जात्या भित्रा. वाऱ्याने उडालेला कागद दिसला तरी तो बिचकतो. त्याच्या कुरणात रोज नवी वस्तू नेऊन ठेवणे म्हणजे त्याचे रंजन नव्हे, त्याचा छळ! हा पूर्वपक्ष मी मुद्दाम बळकट करून सांगितला, कारण तो अडाण्याचा नाही. घोडे जन्मभर सांभाळलेली माणसेही असेच म्हणतात.

याला उत्तर द्यायचे, तर पहिल्याने घोड्याचे शरीर पाहिले पाहिजे. माणसाचे मत बदलते, पण शरीराची घडण खोटे बोलत नाही. घोड्याच्या पूर्वजांची कोट्यवधी वर्षांची कथा दातांच्या अवशेषांत लिहिलेली आहे. सर्वांत जुना पूर्वज कुत्र्याएवढा होता आणि जंगलात कोवळा पाला व फळे खाई. पुढे पृथ्वीवर गवताची मैदाने पसरली, आणि त्या खरखरीत, दात झिजवणाऱ्या अन्नासाठी उंच दाढांचे घोडे निपजले. आजच्या घोड्याच्या दाढा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजतात आणि तेवढ्याच हळूहळू वर सरकत राहतात. निसर्गाने जणू जन्मभर चघळण्याचाच करार त्याच्याशी केला आहे.

पोटाचेही तसेच. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरांचे. गवत कुजवून पचवण्याचे खरे काम मागच्या मोठ्या आतड्यात चालते. गाय भराभर खाते आणि सावलीला बसून रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याने थोडे थोडे, पण सतत खावे, अशी ही रचना आहे. त्याच्या जठरात आम्लरस अखंड पाझरत असतो आणि तो आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणजे घोड्याचे तोंड थांबले की पोटात आग सुरू झाली! शर्यतीसाठी तयार केल्या जाणाऱ्या घोड्यांच्या तपासणीत बहुसंख्यांच्या जठरात व्रण सापडतात, यात म्हणूनच नवल नाही. दिवसाकाठी दोन-तीन वेळा धान्याची पाटी पुढे ठेवली की त्याचे पोट भरेल, पण त्याचा दिवस भरणार नाही.

हा 'दिवस भरणे' म्हणजे काय? फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. तिथले पांढरे घोडे प्रसिद्ध आहेत. १९७४ पासून तिथे घोड्यांचा एक कळप मोकळा ठेवून त्याचे वर्षानुवर्षे निरीक्षण करण्यात आले. पॅट्रिक डंकन या शास्त्रज्ञाने त्यावर मोठे काम केले. चोवीस तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ, दिवसा आणि रात्रीही, हे घोडे चरण्यात घालवतात असे दिसून आले. आता हे चरणे म्हणजे एका जागी उभे राहून गवत ओरबाडणे नव्हे. घोडा दोन-चार घास घेतो, एक पाऊल पुढे टाकतो, वरच्या ओठाने चाचपतो, एक पाते घेतो, दुसरे सोडतो, पुन्हा पाऊल टाकतो. त्याचा वरचा ओठ एवढा हलता आणि जाणता असतो की त्याला घोड्याचे बोटच म्हणावे. चालणे, हुंगणे, निवडणे आणि चावणे ही चार कामे मिळून त्याचे एक काम होते.

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात मोकाट सुटलेले घोडे आहेत. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बांधून २०१० च्या सुमारास मोजणी झाली. दिवसाला सरासरी सुमारे सोळा किलोमीटर ते चालतात असे आढळले. त्याच पद्धतीने कुंपणातले घोडे मोजले. सोळा हेक्टरांच्या, म्हणजे चाळीस एकरांच्या कुरणातला घोडा सात किलोमीटरांच्या आसपास चालला. सहा मीटर लांब-रुंद अंगणातला घोडा एक किलोमीटरभर. आता गंमत पाहा. कुरण कितीही मोठे केले, तरी गवत, पाणी, सावली सगळे जवळच असेल, तर घोड्याला चालायचे कारणच उरत नाही. मोकाट घोड्याला पाणी एकीकडे, चारा दुसरीकडे, म्हणून त्याची पायपीट. घोडे पेंड खाते ते इथेच! जागा दिली म्हणजे जीवन दिले असे होत नाही. त्या जागेत काही करण्याजोगे असावे लागते.

या दृष्टीने आपला एक जुना ग्रंथ मोठा विचार करायला लावणारा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगणारे प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केल्यापासून तो आपल्याला अधिक निश्चितपणे वाचता येतो. घोडशाळा कशी बांधावी हे सांगताना कौटिल्य तिला चार दारे ठेवायला सांगतो, मध्यभागी घोड्यांना लोळायला जागा ठेवायला सांगतो, आणि पुढे म्हणतो की, ती शाळा वानर, मोर, ठिपक्यांची हरणे, मुंगूस, चकोर, पोपट आणि साळुंक्या यांनी गजबजलेली असावी. आजच्या भाषेत बोलायचे, तर सबंध प्राणिसंग्रहालयच त्याने तबेल्यात आणून ठेवले! यावरून कौटिल्याने घोड्याच्या कंटाळ्याचा विचार केला होता, अशी प्रौढी मिरवण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. त्याच ग्रंथात राजवाड्याच्या रक्षणाच्या प्रकरणात मुंगूस आणि मोर सापांसाठी, तर पोपट, साळुंकी आणि चकोर विष ओळखण्यासाठी ठेवायला सांगितले आहेत. तेव्हा तबेल्यातही हेतू मुख्यतः संरक्षणाचा असावा. तरीही लोळण्याची जागा विषपरीक्षेसाठी नव्हती. घोड्याला लोळण घ्यायला हवी आणि ती शाळेच्या मध्यभागी हवी, हे त्या व्यवहारी पुरुषाने ओळखले होते. ज्याला युद्धात घोड्याकडून काम घ्यायचे होते, त्याला घोड्याचे सुख हा हौसेचा विषय नव्हता.

आता आधुनिक प्रयोगांकडे वळू. १९६३ साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले. एका वाटीत फुकटचे अन्न, आणि दुसरीकडे तेच अन्न, पण ते मिळवायला एक दांडी दाबण्याचे कष्ट. पुष्कळ उंदरांनी वाटी भरलेली असताना दांडी दाबून अन्न मिळवले. पुढे इतर अनेक प्राण्यांतही हेच दिसले. म्हणजे अन्न शोधणे आणि अन्न मिळणे या दोन वेगळ्या भुका आहेत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे आपण माणसाच्या बाबतीत हिणकस मानतो. जनावरालाही ते फारसे मानवत नसावे.

घोड्यांवरचा प्रयोग याहून बोलका आहे. २००२ साली इंग्लंडात डेबोरा गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबेल्यातल्या घोड्यांना एका खोलीत एकाच जातीचे वाळले गवत दिले आणि दुसऱ्या खोलीत सहा प्रकारचा चारा ठेवला. एकच चारा असलेल्या खोलीत घोडा अस्वस्थपणे शोधत राही आणि अंथरलेल्या पेंढ्यात तोंड घाली. सहा चारे असलेल्या खोलीत तो याच्याकडून त्याच्याकडे फिरत राही. आवडीचा चारा समोर असताना तो सोडून कमी आवडीच्या चाऱ्याचीही चव घेऊन येई. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. घोड्याला सर्वांत आवडणारी एकच वस्तू भरपूर दिली, म्हणजे तो तृप्त झाला असे होत नाही. आपल्या पंगतीत नुसती जिलबी वाढली तर काय होईल? पहिले ताट सगळे आनंदाने संपवतील. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या फोडीसाठी आणि चिमूटभर मिठासाठी जीव कासावीस होईल.

पंगतीचा विषय निघालाच आहे म्हणून एक चविष्ट गोष्ट सांगतो. याच शास्त्रज्ञांनी २००५ साली घोड्यांच्या खाद्याला निरनिराळे स्वाद लावून त्यांची आवड तपासली. गाजर होते, पुदिना होता, केळे, चेरी, जिरेही होते. घोडा म्हटले की गाजर, हे आपण पुस्तकांतल्या चित्रांपासून ऐकत आलो आहोत. पण आठ स्वादांच्या क्रमवारीत पहिला नंबर आला तो मेथीचा! केळे दुसरे, गाजर पार खाली. आपल्या स्वयंपाकघरातल्या या कडवट दाण्याचा हा सन्मान ऐकून येथील भगिनींना समाधान वाटेल. पण मला त्यातून वेगळे सांगायचे आहे. घोड्याची आवड आपण त्याला न विचारता ठरवून टाकली होती. विचारले, तेव्हा उत्तर निराळे आले.

आता कुणी म्हणेल, हे सारे तबेल्यातल्या घोड्याबद्दल झाले. आमचा घोडा कुरणात आहे. आक्षेप योग्य आहे. कोंडलेला घोडा एका जागी डुलत राहतो, गव्हाणीची कड दातांत धरून वारा ओढतो, खोलीत गिरक्या घालतो. या सवयी मोकळ्या कळपात जवळजवळ दिसत नाहीत. अशा घोड्यांसाठी तबेल्याला शेजारच्या घोड्याकडे उघडणारी खिडकी ठेवली, इतकेच काय, भिंतीवर आरसा लावला, तरी डुलणे कमी होते, असे २००० आणि २००२ सालच्या प्रयोगांत दिसले आहे. आरशातल्या प्रतिबिंबावर सोबतीची तहान भागवणारा तो जीव पाहून आपल्याला गहिवरून यावे! परंतु हा उपाय म्हणजे तुरुंगाच्या भिंतीवर चित्र टांगणे होय. तेव्हा पायऱ्यांचा क्रम विसरता कामा नये. आधी सतत चघळायला तंतुमय चारा, मग आपल्या जातीची सोबत, मग हिंडायची मोकळीक. या तीन गोष्टी नसताना कुरणात रंगीत चेंडू टाकणे म्हणजे उपाशी माणसाला विडा देणे आहे. कामार्गच्याच घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे दिसले की, दोन घोडे एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, खवाट्यावर, दातांनी खाजवतात, तेव्हा त्या जागी खाजवण्याने हृदयाचे ठोके मंदावतात. हे काम कोणतेही खेळणे करू शकणार नाही.

पण या तिन्ही पायऱ्या चढल्यानंतर सपाट हिरवे कुरण पुरे होते काय? माझे उत्तर असे, की बहुधा होत नाही, आणि त्याचे कारण त्या हिरव्या रंगातच आहे. इंग्लंडात आणि युरोपात पुष्कळशी कुरणे राय नावाच्या एकाच गवताची असतात. हे गवत दुभत्या गाईंसाठी निवडलेले, साखरेने भरलेले. गाईला त्याचे दूध होते, रिकाम्या घोड्याची त्याने चरबी होते आणि खुरांचा दाह जडतो. खुराच्या आत हाडाला खुराशी जोडणारे नाजूक पापुद्रे असतात. त्यांना सूज आली की घोड्याला पाऊल टाकवत नाही. मग तोच दयाळू मालक वैद्याच्या सल्ल्याने घोड्याच्या तोंडाला जाळी बांधतो किंवा त्याला गवत नसलेल्या तुकड्यात कोंडतो. माणसाच्या डोळ्याला जे नंदनवन वाटले, ते घोड्याच्या पायांना असे महागात पडते.

निसर्गाच्या कुरणात ही आपत्ती कमी, कारण तिथे पौष्टिक आणि रुक्ष, कोवळे आणि जून असे सगळे मिसळलेले असते. आपल्या माळरानांकडेच पाहा ना. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, हरळी अशी किती गवते एका उतारावर नांदतात! इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाचे रान आहे. तिथली तट्टे हिवाळ्यात गवत सरले की काटेरी गॉर्सचे शेंडे आणि हॉलीची पाने खातात. मोकळ्या घोड्याला एकाच गवताचे कुरण द्या, तरी तो त्यातही भेद निर्माण करतो. काही भाग दातांनी तासून गालिच्यासारखा ठेवतो आणि काही भागात लीद टाकून तिथले गवत वाढू देतो. लिदीजवळ चरणे तो टाळतो, त्यामुळे जंतांपासून काहीसा बचाव होतो. आपण मात्र कुरण एकसारखे दिसावे म्हणून धडपडतो!

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. विविधता या शब्दाची भुरळ पडून वाटेल ते झाड कुरणात लावू नका. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले विष तो बाहेर टाकू शकत नाही. आपल्या अंगणातली देखणी कण्हेर त्याच्या जिवावर उठते. युरोपात मेपलच्या काही जातींच्या बिया आणि रोपे खाऊन घोड्यांचे स्नायू निकामी होऊन ते दगावतात. आणि लक्षात घ्या, भूक भागलेला घोडा कडू, विषारी झुडूप बहुतेक वेळा सोडून देतो. चारा संपलेल्या उघड्याबोडक्या कुरणातच तो त्याला तोंड लावतो.

दुसरा इशारा विचाराबद्दलचा आहे. रानातला घोडा जे करतो ते सगळे त्याच्या सुखाचे, असेही मानू नये. मंगोलियातला ताखी, म्हणजे प्रझेवाल्स्कीचा घोडा, १९६९ नंतर रानात दिसेनासा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या घोड्यांना १९९२ पासून पुन्हा तिथे सोडण्यात आले. शास्त्रज्ञांनी जुन्या आणि नव्या घोड्यांच्या शेपटीच्या केसांचे रासायनिक पृथक्करण करून २०१७ साली एक निष्कर्ष मांडला. पूर्वीचे ताखी उन्हाळ्यात गवत आणि हिवाळ्यात झुडपांचा पाला खात. आता संरक्षण मिळालेले ताखी बारा महिने गवतच खातात. पूर्वी माणसाच्या आणि त्याच्या गुराढोरांच्या धाकाने चांगली कुरणे त्यांना सोडावी लागत असावीत, असे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे ती विविधता हौसेची नव्हती, नाइलाजाची होती. दुष्काळात माणूस कंदमुळे खातो, म्हणून कोणी त्याला आहारातली विविधता म्हणत नाही. विविधतेला किंमत येते ती निवड असते तेव्हा. जवळ जायचे की दूर राहायचे, खायचे की सोडायचे, हे ठरवण्याची सत्ता घोड्याकडे हवी. पूर्वपक्षातल्या बिचकणाऱ्या घोड्याचे उत्तरही यातच आहे. नवी वस्तू कुरणाच्या एका कोपऱ्यात असेल आणि तिला टाळून जगता येत असेल, तर तो दोन दिवसांत आपण होऊन तिला हुंगायला येईल. तीच वस्तू कोंडवाड्यात त्याच्या नाकासमोर टांगली, तर तो छळ होईल.

मग करावे काय? उपाय खर्चिक नाहीत. जेमी जॅक्सन नावाच्या अमेरिकेतल्या नालबंदाने १९८० नंतरच्या काही वर्षांत नेवाडाच्या रानटी घोड्यांचे निरीक्षण केले आणि २००६ साली एक कल्पना मांडली. कुरणाच्या कडेने एक अरुंद फेरीवाट आखायची. पाणी एका टोकाला, मीठ दुसऱ्या टोकाला, वाळले गवत जागोजाग थोडे थोडे ठेवायचे. घोडे आपोआप चालू लागतात. एवढे जमले नाही, तरी पाण्याची टाकी आणि चाऱ्याची जागा एकमेकींपासून दूर ठेवणे कोणालाही जमेल. एक कोपरा मातीचा, लोळण्यासाठी. एक जाड खोड, अंग घासण्यासाठी. सावलीचे झाड. गवताची कापणी एकदम न करता काही पट्टे जून होऊ देणे. जमल्यास बरोबर गाई चारणे, कारण घोड्याने सोडलेले गवत गाय खाते आणि एकाचे बहुतेक जंत दुसऱ्याला बाधत नाहीत.

आणि ज्यांच्यापाशी कुरणच नाही त्यांनी? आपल्याकडचा खरा प्रश्न हाच आहे. डोंगरावर पर्यटकांना फिरवणारा, वरातीत नाचवला जाणारा घोडा काम संपले की आखूड दोराने बांधला जातो. त्याचा मालक बहुधा गरीब असतो. त्याला कुरणाचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. पण एकाच पेंढीऐवजी थोडा कडबा, थोडे वाळले गवत, थोडा लसूणघास वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, दोन घोडे एकमेकांना तोंड लावू शकतील असे बांधणे, आणि पाठीवरचे खोगीर उतरल्यावर पाच मिनिटे मातीत लोळू देणे, याला पैसा लागत नाही. रान घोड्याकडे येऊ शकत नसेल, तर रानातले चार गुण तरी त्याच्यापाशी नेता येतात.

या बाबतीत आपल्याच मुलखात एक शिकवण रस्त्याने चालत असते. पावसाळा सरला की देशावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. त्यांच्याबरोबर लहान चणीची, काटक दख्खनी घोडी असतात, पाठीवर सारा संसार, वर एखादे कोकरू, एखादी कोंबडी. त्या घोड्यांचे आयुष्य सुखाचे आहे असे मी म्हणणार नाही. ओझे आहे, उन्हाळ्यातली उपासमार आहे. पण रोज नवे रान, नवे पाणी, नवी गवते, आणि चोवीस तास आपल्या जातभाईंची सोबत! लाखो रुपये किमतीच्या, आरशासारख्या अंगाच्या, पण दिवसातले बावीस तास चार भिंतींत उभ्या असलेल्या शर्यतीच्या घोड्याला यातले काय मिळते? दोघांपैकी अधिक संपन्न कोण, हे ठरवताना त्यांच्या अंगावरची तकाकी पाहून भागणार नाही. त्यांचा दिवस कसा गेला हे पाहावे लागेल.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर हे : घोड्याला करमणूक लागत नाही, त्याला त्याचा उद्योग लागतो. शोधणे, निवडणे, चालणे, चघळणे, आणि हे सगळे चौघांच्या संगतीत करणे, हा तो उद्योग. कुरणातली विविधता जेवढ्या प्रमाणात हा उद्योग त्याच्या हाती देते, तेवढ्या प्रमाणात ती त्याची गरज आहे. जी विविधता नुसती आपल्या डोळ्यांना सुखवते, ती आपली हौस आहे. ती हौस जरूर करावी, पण घोड्याच्या नावावर खर्च टाकू नये.

गरज शब्दाचे दोन अर्थ होतात. जिच्यावाचून प्राणी मरतो, ती एक गरज. जिच्यावाचून तो जगतो, पण घोडा म्हणून जगत नाही, ती दुसरी. पहिली गरज लगेच दिसते, कारण प्रेत लपवता येत नाही. दुसरी पाहायला वेळ काढावा लागतो, कुंपणाशी तासभर उभे राहावे लागते. घोडा ओरडून तक्रार करत नाही. दुखत असले तरी तो गप्प उभा राहतो, आणि त्याच्या गप्प राहण्याला आपण समाधान म्हणतो. ज्याच्या घरी घोडा नाही, त्याच्या घरी गोठ्यातली गाय असेल, साखळीचा कुत्रा असेल, पिंजऱ्यातला पोपट असेल. उद्या सकाळी त्याच्याकडे पाहताना एवढेच विचारा : याला खायला मिळते खरे, पण करायला काय मिळते?